आधी डोकी, मग खुर्च्या

टाटांनी एअर इंडिया परत घेतली ती जानेवारी २०२२ मध्ये. जुनं घर ताब्यात आलं की माणूस आधी गळती बघतो, रंगकाम मागाहून काढतो. इथे नोव्हेंबरात रंगकामच निघालं, तेही केबिन क्रूच्या डोक्यांचं.

नियम वर्तमानपत्रांत आले तेव्हा चहा थंड करून वाचले. पिकलेले केस चालणार नाहीत, कलप लावा. पण कलप नैसर्गिक रंगाचाच हवा. म्हणजे निसर्गाने दिलेला सोडून कुठलाही नैसर्गिक रंग चालेल! फॅशनचे रंग बाद, मेंदीही बाद. आमच्या निम्म्या मावश्या-काकू इथेच नापास. ज्या पुरुषांचं कपाळ मागे सरकत चाललंय किंवा टाळूवर चंद्र उगवलाय, त्यांनी सरळ गोटा करायचा आणि रोजच्या रोज घोटायचा. पहाटेच्या फ्लाइटसाठी रात्री दोनला उठून, आरशापुढे मान वाकडी करून, न दिसणाऱ्या मागच्या बाजूवर अंदाजाने रेझर फिरवणारा गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. मग हाच सकाळी हसतमुखाने ‘नमस्कार’ म्हणणार. साडीवर टिकली लावायची तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. ती पट्टीने मोजणारे साहेब बहुधा टकलेच असतील. पण साहेबांना केबिन असते, केबिन क्रूचे नियम नसतात.

कॅप्टनच्या कानशिलांवर पांढरे केस दिसले की आपण निर्धास्त होऊन पट्टा बांधतो. आग लागल्यावर दार उघडून आपल्याला घसरगुंडीवर ढकलणाऱ्या बाईंचे मात्र काळेच हवेत. निम्मी दारं बंद ठेवून ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर काढून दाखवावे लागतात, तेव्हा कुठे मोठ्या विमानाच्या मॉडेलला मान्यता मिळते. त्या धुरात कलपाची शेड कोण बघणार?

डिसेंबरात ४० कोटी डॉलर खर्चून जुन्या मोठ्या विमानांचा अंतर्भाग बदलण्याची घोषणा झाली. खुर्च्यांचा नंबर डोक्यांनंतर लागला, यात नवल नाही. खुर्चीला टेंडर, सुटे भाग, परवानग्या लागतात; डोक्याला एक पाकीट आणि जुना टॉवेल पुरतो.

राहता राहिला एअर इंडियाचा शुभंकर, महाराजा. कंपनीचेच बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी त्याला १९४६ साली जन्माला घातलं. पंच्याहत्तरी उलटली, तरी मिशा काळ्या कुळकुळीत. कलपच असणार! पण त्याचा फेटा उतरवून आत गोटा आहे का, हे बघायची एचआरची छाती नाही.