प्रिंटरशी बोलताना घ्यायची काळजी

तालुक्यात मनमाड मोठं, जंक्शनही त्यांचंच. पण तहसील कचेरी नांदगावात. त्यामुळे दाखल्यासाठी मनमाडकरालाही मुकाट्यानं इकडं यावं लागतं आणि कचेरीत शिरण्याआधी माझ्या प्रिंट-झेरॉक्सच्या दुकानापुढं उभं राहावं लागतं. दर जूनमध्ये इथं काही शब्दांवरून वाद होतात. ते टळावेत म्हणून हे मार्गदर्शन. रांगेत उभं राहून वाचल्यास उत्तम.

सुरुवात ‘झेरॉक्स’पासून. चेस्टर कार्लसन नावाच्या गृहस्थानं १९३८ साली न्यूयॉर्कच्या अस्टोरियात कोरड्या भुकटीनं पहिली प्रत काढली. पुढं असं यंत्र बनवणाऱ्या झेरॉक्स कंपनीनं ‘आमच्या नावाचं क्रियापद करू नका’ अशा जाहिराती दिल्या. त्या नांदगावला पोचल्या नाहीत. इथं मोबाइलमधली पीडीएफ पुढं करून ‘झेरॉक्स मारा’ म्हणतात. तिला प्रिंट म्हणतात, हे समजावू नये. मी समजावून पाहिलंय.

टोनर म्हणजे शाई नव्हे. ती प्लास्टिकची बारीक भुकटी. ड्रमवरून कागदावर उतरते आणि फ्यूजरखाली, साधारण २०० अंश सेल्सिअसला, वितळून चिकटते. ताजी प्रिंट हाताला गरम लागते ती त्यामुळे. कपड्यावर भुकटी सांडली तर आधी झटकावी, मग थंड पाण्यानं धुवावी. गरम पाण्यानं ती कायमची बसते. हे ज्ञान मला एका लग्नाच्या शर्टानं दिलं.

कार्ट्रिजच्या खोक्यावर किती पानं निघतील तो आकडा असतो. तो धरताना पानाचा फक्त पाच टक्के भाग काळा होईल असं मानलेलं असतं, म्हणजे चार ओळींचं सभ्य पत्र. माझ्याकडं येतं ते रात्री घरी ट्यूबलाइटखाली फोटो काढलेलं आधार कार्ड, खाली अंथरलेल्या गोधडीसकट. गोधडीची फुलंही छापावी लागतात. मग ‘टोनर लो’ येतं. अशा वेळी कार्ट्रिज काढून पीठ चाळल्यासारखी आडवी हलवावी, आणखी थोडी पानं निघतात. गिऱ्हाईक बघत असेल तर जरा जास्त हलवावी. काम चाललंय असं वाटतं. आणि डीपीआय, म्हणजे इंचात किती ठिपके, तो ६०० असला तरी व्हॉट्सॲपवर तीनदा फिरून आलेल्या फोटोतला चेहरा ओळखू येत नाही. त्याला प्रिंटर जबाबदार नाही.

जीएसएम हा शब्द मात्र कांद्याच्या व्यापाऱ्याला एका वाक्यात कळतो: एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. ए४ची पाचशे पानांची रिम ७५ जीएसएमची असेल तर २ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास भरते. ७०ची २ किलो १८०. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मी एकदा ‘७५’ छापलेली रिम ठेवली. तेव्हापासून कागदाचा पुरवठादार माझ्याशी मोजकंच बोलतो.

कागद अडकला तर तो जात होता त्याच दिशेनं ओढावा, दोन्ही हातांनी, सावकाश. मागं हिसका दिला की कोपरा आत राहतो आणि तो कोपरा संध्याकाळपर्यंत दुकान चालवतो. पावसाळ्यात कागद ओल धरतो, म्हणून रिम उघडी टाकू नये. ‘ऑफलाइन’ म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी पायानं केबल हललेली असते. पाय कुणाचा, ही चौकशी करू नये.

राहिला स्पूलर. बाजार समितीच्या फाटकावर ट्रॅक्टरांचे नंबर लावतात ना, तेच काम हा करतो. तुम्ही ‘प्रिंट’ दाबलं की नंबर लागतो. यंत्र झोपलेलं असलं तरी लागतो. परवा न्यायडोंगरीकडचे एक बाबा सातबारा घेऊन आले. मी दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. बाबा म्हणाले, ‘‘जोरात दाबा.’’ जोरात दाबलं. असं सात वेळा झालं. मग केबलकडं लक्ष गेलं, ती नीट खोचली आणि यंत्रानं सातही सातबारे एकामागून एक बाहेर टाकले.

मी ओशाळून म्हटलं, ‘‘बाबा, एकाचेच पैसे द्या. हा डिजिटल सहीचा आहे, तलाठ्याच्या सहीची गरज नाही. एकच पुरे.’’

बाबांनी सातही कागद मोजले, नीट जुळवून पिशवीत घातले.

‘‘राहू द्या. बँक आहे, सोसायटी आहे, पीकविमा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘आणि ह्याचीच झेरॉक्स पण मारा एक.’’