अर्ध्या पेनीवरची डुकरीण

आयर्लंडची जुनी नाणी ओळखायला विद्वत्ता लागत नाही, शेतावर वाढलेलं पोर पुरतं. आयरिश फ्री स्टेटनं १९२८ साली स्वतःची नाणी काढली. नक्षी ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते कवी येट्स. एका बाजूला हार्प हवीच होती. दुसऱ्या बाजूला राजा नको आणि हयात पुढारीही नको म्हटल्यावर उरली जनावरं. इंग्रज शिल्पकार पर्सी मेटकाफनं मग पेनीवर पिल्लांसकट कोंबडी बसवली, अर्ध्या पेनीवर डुकरीण, शिलिंगवर वळू, फ्लोरिनवर सामन मासा आणि हाफ क्राउनवर घोडा. कृषी खात्याला वळू आणि डुकरीण पसंत पडेनात, तेव्हा दोघांची ठेवण बदलावी लागली. कवी अध्यक्ष असताना डुकरिणीच्या अंगकाठीवर हट्ट धरणाऱ्या त्या साहेबांविषयी मला फार आदर वाटतो.

काळ ओळखणंही सोपं. हार्पभोवती देशाचं नाव दोन शब्दांत असेल तर नाणं १९३७ पर्यंतचं, एका शब्दात असेल तर १९३९ किंवा नंतरचं.

किमतीला मात्र असला सरळपणा ठाऊक नाही. जुनं म्हणजे महाग, हा आपला भाबडा हिशेब. १९२८ ची डुकरीण हवी तेवढी मिळते. १९४३ चे चांदीचे फ्लोरिन मात्र पाडले आणि बहुतेक सगळे पुन्हा वितळवले. जे थोडे निसटले, त्यांच्यासाठी लिलावात चढाओढ लागते. म्हणजे इमानानं बाजारात झिजलेल्याला भाव नाही, भट्टीतून पळालेल्याला आहे! वर, नाणं घासायचंही नाही. समईसारखं चिंच लावून लख्ख केलंत, की निम्मी किंमत चिंचेबरोबर मोरीत गेली.

माझा जीव जडलाय तो १६८९-९० च्या पितळी नाण्यांवर. इंग्लंडची गादी गेलेल्या दुसऱ्या जेम्स राजानं आयर्लंडमध्ये सैन्याचे पगार भागवायला जुन्या तोफा आणि घंटा वितळवून ती पाडली. त्यांवर वर्षाबरोबर महिनाही आहे. युद्ध जिंकलं की महिन्यांच्या क्रमानं चांदी देऊ, असा वायदा होता म्हणतात. बॉइन नदीच्या काठी हरल्यावर राजा फ्रान्सला निघून गेला आणि वायदा नाणेवाल्यांच्या खिशात राहिला. आता संग्राहक बारा महिन्यांची रांग पुरी करायला धडपडतात, आणि एखाद्या मार्चसाठी रोख मोजतात.