एसीच्या डब्याची वारसामीमांसा

विषय क्षुल्लक आहे, म्हणूनच तो शास्त्राला धरून मांडायला हवा. मीमांसकांच्या रीतीने आधी विषय : वारसा इमारतीच्या दर्शनी भिंतीवर बसवायचा एसीचा आउटडोअर. मग संशय : तो दिसतो म्हणजे नेमका कोणाला दिसतो?

मुंबईची वारसा नियमावली १९९५ची. तिने इमारतींच्या तीन श्रेण्या पाडल्या. पहिलीला आतून-बाहेरून शक्यतो हात लावायचा नाही, दुसरीत आतल्या बदलांना थोडी सवड, तिसरीत आणखी. डबा मात्र तिन्हींत बाहेरच लागतो.

पूर्वपक्ष म्हणतो, रस्त्यावरून दिसला की रूप बिघडले. ठीक, पण पाहणारा उभा कुठे आहे? गिरगावातल्या खोताच्या वाडीत गल्ल्याच एवढ्या अरुंद, की माडीवरचा डबा पाहायला मान मोडेस्तोवर वर करावी लागते, आणि तेवढ्यात मागून स्कूटरवाला हॉर्न देतो. धुरावरून अग्नी, तसा इथे डोक्यावर पडलेल्या थेंबावरून डबा ओळखायचा.

ओव्हल मैदानावर प्रकार उलटा. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ साली युनेस्कोने हा सगळा समूह जागतिक वारसा ठरवला. मध्ये अख्खे मैदान. इथला प्रमाण प्रेक्षक म्हणजे डीप मिडविकेटचा क्षेत्ररक्षक. चेंडू येईपर्यंत त्याला इमारती न्याहाळण्यावाचून काम नसते. पाहणीला येणाऱ्या वारसा समितीने आधी त्याची साक्ष काढावी.

रहिवाशांचा उत्तरपक्ष कडक आहे : या आर्ट डेको इमारतींचे आडवे छज्जे ऊन-पावसासाठीच काढलेले ना? मग एसीही उन्हासाठीच, आणि तो छज्ज्यावरच बसवला. तर्क ऐकायला बिनतोड, पण चुकीचा. छज्जा इमारतीबरोबर कागदावर रेखला गेला होता. डबा मेकॅनिकचा हात जिथवर पोचला तिथे बसला.

सिद्धान्त : डबा मागच्या बाजूला. तांब्याची नळी लांबेल, तिचा खर्च मालकाचा. पाणी मोरीत सोडावे, वाटसरूंवर नव्हे. दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीतली ब्रॅकेटची भोके सिमेंटने न लिंपता चुन्यानेच बुजवावीत. आणि ‘साहेब, समोरूनच सोपं पडेल’ हे मेकॅनिकचे वचन आप्तवाक्य म्हणून ग्राह्य धरू नये.