कूपनरावांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. कूपनराव यांसी,
मुक्काम : बिलाची शेपटी

सा. न. वि. वि.

पत्र उघडंच लिहितो आहे. पाकिटाला पाच रुपये पडतात, आणि आपल्या संगतीत राहून आम्ही फार काटकसरी झालो आहोत.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षं लोकांच्या पैशांचा हिशेब पैन् पै जुळवला. आता स्वतःच्या घरचा जुळत नाही, म्हणून आपल्याला तसदी देतो आहे. आपली पहिली भेट आठवते का? वाणसामानाच्या बिलावर ‘धन्यवाद, पुन्हा या’ या ओळीच्या खाली आपण लोंबत होता : १०० रुपये सूट, किमान खरेदी १,५०० रुपये, मुदत सात दिवस. त्याखाली मुंग्यांची रांग चालावी तशी बारीक अक्षरं होती. ती मी वाचली नाहीत. कर्जाच्या कागदांवर सह्या घेताना ‘नीट वाचून घ्या हं’ असं हजारो लोकांना बजावणाऱ्या माणसानं ती वाचली नाहीत, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आपल्याला मी पाकिटात नोटांच्या पुढे ठेवलं. घरी आल्यावर फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली, देवाच्या कॅलेंडरशेजारी जागा दिली. अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतात, तसा आपला थाट. जावयाच्या येण्यानं घरखर्च वाढतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोलायचं नसतं. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, “हे शंभर रुपये देणार आहेत की मागणार आहेत?” बायकांना विनोद कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

आता त्या शुक्रवारची हकीकत. पाऊस मी म्हणत होता. शेअर रिक्षा मिळेना, म्हणून स्वतंत्र रिक्षा केली. (तिचे पैसे या पत्रात धरलेले नाहीत. ते धरले तर मला पत्र पुरं करवणार नाही.) यादीप्रमाणे सामान ट्रॉलीत भरलं आणि तोंडी बेरीज केली : १,३८६. आपल्या मर्जीला ११४ कमी पडत होते. ही म्हणाली, “राहू दे, चला.” एकशे चौदा रुपयांसाठी शंभर रुपये सोडून द्यायचे? मी परत गेलो आणि १६५ रुपयांची पीनट बटरची बाटली उचलून आणली. आमच्याकडे दाण्याचं कूट रोज होतं. हे म्हणजे तेच कूट, परदेशी जाऊन ओलं होऊन आलेलं.

काउंटरवर मुलगी गोड होती. “काका, तेल, साखर, डाळ, तांदूळ यात धरत नाहीत.” हीच ती मुंग्यांची रांग. म्हणजे माणूस ज्यासाठी वाणसामान आणतो, तेवढं वगळून उरेल ते आपल्याला मान्य. वगळण्यासारखं ७८० रुपयांचं निघालं, उरले ७७१. आता ७२९ कमी. माझ्या मागे नऊ माणसं आणि एक रडणारं पोर. अशा वेळी शहाणा माणूस माघार घेतो. मी ट्रॉली बाजूला घेतली आणि पुन्हा आत गेलो. एकावर एक फुकट अशा खोलीत फवारायच्या सुगंधाच्या बाटल्या २४९, पास्ता आणि त्याचा लाल सॉस मिळून २१०, ओट्स १९९, भांडी घासायचं निळं पाणी ९९. आपल्या हिशेबात १,५२८ झाले. खरं बिल २,३०८ झालं होतं, पण तिकडे माझं लक्ष नव्हतं. मी विजयी मुद्रेनं आपल्याला पुढे केलं.

“नंबर सांगा काका.” मी दहा आकडे मोठ्यानं सांगितले, मागच्या नऊ जणांनी ते ऐकले. (मोबाइल नंबरसाठी ग्राहकाला अडवू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. मला तेव्हा ते सुचलं नाही. तेव्हापासून बदलापूरचे बिल्डर मला नावानं ओळखतात.) मुलीनं आपल्यावर लाल दिवा फिरवला. यंत्र रुसलं. तिनं आपल्याला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, “काका, हे उद्यापासून चालू.”

कूपनराव, पुढच्या तारखेचे चेक मी आयुष्यभर परत पाठवले. चेक परत गेल्यावर खातेदाराचा चेहरा कसा होतो ते काचेच्या अलीकडून पाहिलं होतं, त्या दिवशी पलीकडून पाहिलं. आणि मुदत तरी केवढी? रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणली, तेव्हा आमच्या शाखेत किती भांडणं झाली! आपण सात दिवसांत मरता आणि कोणी हूं का चूं करत नाही.

ट्रॉलीतलं सामान परत ठेवायची लाज वाटली. पूर्ण पैसे भरले. यादी १,३८६ ची, बिल २,३०८ चं. शंभर वाचवायला ९२२ जास्त गेले आणि शंभरही वाचले नाहीत. तरी बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलं होतं : आपली बचत ३१२ रुपये. त्याच्याखाली आपले धाकटे बंधू लोंबत होते : २,५०० च्या खरेदीवर १५० सूट.

या ३१२ रुपयांनी आमच्या घरात जे केलं, त्यासाठी खरं तर हे पत्र. घरी येताच मी हिला ती ओळ दाखवली. तिनं शांतपणे माळ्यावरून एक रिकामा डबा काढला, पुसला आणि माझ्यापुढे धरला. “वाचलेत ना? टाका.”

“अगं, ते तसे वाचलेले नाहीत. एमआरपीतून वाचलेत.”

“मग एमआरपीला सांगा टाकायला.”

आमची आई डाळीच्या डब्यात तळाशी दहाची नोट ठेवायची, ती वाचलेली असायची. हात घातला की हाताला लागायची. आपली बचत म्हणजे छापील कमाल किंमत आणि दुकानाचा भाव यांतला फरक. जी किंमत त्या दुकानात कोणीच देत नाही, ती न दिल्याबद्दल आमचं अभिनंदन. या हिशेबानं मी परवा विमान विकत घेतलं नाही, तेव्हा काही कोटी वाचवले. असो. ३१२ रुपये मोजून डब्यात टाकले. पुढच्या फेरीचे १४५ टाकले, त्याच्या पुढच्याचे २०३. चौथ्या फेरीला माझ्याकडे वाचवायला पैसे उरले नाहीत.

आपलं घराणं खानदानी आहे, हे मान्य. १८८७-८८ च्या सुमारास अमेरिकेत अटलांटा शहरी एसा कँडलर नावाच्या औषधविक्यानं आपल्या मूळपुरुषाला छापून वाटलं : हा कागद दाखवा, कोका-कोलाचा एक पेला फुकट. पेल्याची किंमत तेव्हा पाच सेंट. त्या कागदावर किमान खरेदी नव्हती आणि साखर वगळून असंही नव्हतं, नाहीतर पेल्यात उरलं काय असतं! आपल्या नावाचं मूळ फ्रेंच, अर्थ कापणे. कोणाला कापणे, हे शब्दकोशवाले सांगत नाहीत.

इकडेही आपले पराक्रम आहेतच. बिग बझारची जुनं द्या, कूपन घ्या ही योजना आठवते? लोक रद्दी, फाटके कपडे, चेपलेली भांडी घेऊन रांगेत उभे राहायचे. वजन होऊन आपण हातात यायचा, आणि आपल्याला वठवायला कित्येक पट खरेदी करावी लागायची. आमच्या चाळीत हेच काम बोहारीण करायची. तीही एका पातेल्यासाठी “अजून एक साडी टाका वहिनी” म्हणायची, म्हणजे किमान खरेदीचा शोध तिचाच. पण पातेलं त्याच दिवशी घरात यायचं. उद्यापासून चालू असलेलं पातेलं तिनं कधी विकलं नाही.

आणि रागावू नका, पण आपल्यावाचून कोणाचं अडलेलं नाही. राधाकिशन दमाणींनी २००२ साली पवईत डी-मार्ट काढलं ते रोजचाच भाव उतरवून. गर्दी तिथेही आहे. माझी पार्ल्याची बहीण मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद. १९७५ पासून ही मंडळी शेजारपाजारच्या घरांचा गट करून महिन्याचं सामान एकत्र मागवतात. कोणाच्या तरी दिवाणखान्यात ते येऊन पडतं आणि तिथेच वाटप होतं. दर महिन्याला तिच्याकडे पोहे होतात आणि शेजारणींच्या सुनांची बित्तंबातमी मिळते. ही सोय आपल्यात नाही.

हल्ली आमची ही भिंग घेऊन दुकानात जाते. पाकिटावर आता एका ग्रॅमचा भावही छापावा लागतो, हे तिला भाचीनं सांगितलं. आपण ज्या अर्धा किलो चहावर लागू होता तो २९० रुपयांना, म्हणजे ५८ पैसे ग्रॅम. त्याच चहाचा पाव किलोचा पुडा १३५ ला, ५४ पैसे. “मोठं घेतलं की स्वस्त पडतं” हे मी बँकेत शिकलेलं एकमेव अर्थशास्त्र, तेही तिनं चहाच्या फडताळापुढे निकालात काढलं.

त्या शुक्रवारचे कूपनराव सातव्या दिवशी फ्रिजच्या दारावरच वारले. पुन्हा १,५०० ची खरेदी काढून त्यांची शेवटची इच्छा पुरी करावी, असं माझ्या मनात होतं. हिनं रिक्षाचे पैसे दिले नाहीत.

कळावे, लोभ असावा. किमान लोभाची अट नसावी.

आपला,
एक काका
डोंबिवली (पूर्व)

ता. क. : डब्यातले ६६० रुपये घेऊन काल हिनं मला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पाठवलं. आपली मागची बाजू कोरी असते, त्यावरच यादी लिहून दिली होती. वाण्यानं गूळ बांधता बांधता कागद उलटा केला, चष्मा कपाळावर सारून वाचला आणि हळूच विचारलं, “काका, हे अजून चालू आहे का? आमच्या घरची तिकडेच जातात.” मुदत संपली म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.