एकसष्टीचे घरमालक

निवृत्त होताना माणसाच्या हातात दोन गोष्टी एकदम पडतात: प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम आणि रिकामी दुपार. दोन्हींचं काय करावं हे सांगणारे टपलेलेच असतात. बँकेतला पोरगा म्युच्युअल फंड काढायला सांगतो, मेहुणा तळेगावचा प्लॉट दाखवतो आणि पर्वतीवर रोज भेटणारा मित्र दम खात म्हणतो, "एक टू बीएचके घेऊन टाक. भाडं सुरू झालं की दुसरी पेन्शनच ती."

कोथरूडच्या काकांना हे तिसरं पटलं. त्यांचं नाव विचारू नये, कारण ते एक नाहीत. पुण्याच्या दर दुसऱ्या सोसायटीत ते सापडतात. कधी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, कधी पिंपरीच्या कारखान्यातून. आपण त्यांना एकसष्ट वर्षांचे धरू. मुलगा बंगळूरला भाड्याच्या घरात राहतो, आणि मजेत राहतो.

घरमालक हा प्रकार काकांना नवा नव्हता. फक्त तो नेहमी समोरच्या बाजूला असायचा. काकांचं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं, भाड्याच्या अडीच खोल्यांत. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं बांधून टाकलं होतं. मोजायचं परिमाण होतं १ सप्टेंबर १९४०चं भाडं. महायुद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला, महाराष्ट्र राज्य आलं, माणूस चंद्रावर जाऊन आला, पण भाडं जागचं हललं नाही. वाड्याचे मालक दिवाळीच्या सुमारास यायचे, जिन्याची मोडकी पायरी बघायचे, चहा प्यायचे आणि एवढ्या भाड्यात पायरी होत नाही असं सांगून जायचे. त्यांची पाठ वळली की काकांचे वडील म्हणत, "माणूस चांगला आहे. कोर्टात जाणार नाही."

म्हणजे भाडेकरू किती चिवट असू शकतो याचं शिक्षण काकांना घरातच मिळालं होतं. फ्लॅट घ्यायचं ठरलं आणि त्यांची झोप उडाली ती त्यामुळे. भाडेकरू म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे वडील उभे राहत.

ही भीती एकट्या काकांची नाही, तिला इतिहास आहे. भाडेकरूऐवजी 'लायसन्सी' ठेवला की कायदा लागत नाही अशी एक पळवाट मालकांनी शोधली होती. १९७३मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला जे लायसन्सी घरात होते ते संरक्षित भाडेकरू होऊन बसले. त्यानंतर कित्येकांनी रिकामी घरं कुलूप लावून ठेवली. धूळ बसू दे, माणूस नको. डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गोठलेल्या भाड्याचा कारभार आता वाजवी राहिलेला नाही असं सुनावलं. मग १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या कलम २४नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने घर सोडायचं. नाही सोडलं तर दुप्पट रक्कम भरायची. पंचवीस वर्षांहून अधिक काळ हे कलम मालकांच्या बाजूने उभं आहे. मालक मात्र अजून १९७३मध्ये राहतात.

सोसायटीत एक सर्वज्ञ असतातच. त्यांनी काकांना जिन्यात गाठलं. "बारा वर्षं राहिला की घर त्याचं. लक्षात ठेवा." हे बारा वर्षांचं गणित मुदतीच्या कायद्यातलं आहे आणि ते मालकाला न जुमानता घर बळकावून बसलेल्यासाठी आहे. करार करून, दरमहा भाडं देऊन राहणाऱ्याला ते लागू होत नाही. पण ज्याच्याकडे दुसरा फ्लॅट नाही, त्याचा सल्ला नेहमी ठाम असतो.

अकरा महिन्यांचंही तसंच. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, असं १९०८चा नोंदणी कायदा सांगतो. ती नोंदणी टाळायला देशभर अकरा महिने रूढ झाले. महाराष्ट्रात ही चलाखी कधीच निकामी झाली आहे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे इथे करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा आणि नोंदलेला हवा. तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झालाच तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे ऐकल्यावर काकांना पुन्हा वडील आठवले.

आता पैशांकडे येऊ. इथे काकांनी झोप उडवून घ्यायला हवी होती, पण इथे ते गाढ झोपले.

वारज्यातला पंचाहत्तर लाखांचा जुना टू बीएचके धरा. मुद्रांक शुल्क पुण्यात सात टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. म्हणजे पंचाहत्तर हजार वाचले. काकांनी फ्लॅट काकूंच्या नावावर घेतला आणि या हुशारीबद्दल स्वतःची पाठ थोपटली. त्यांचे सीए शांतपणे म्हणाले, "पैसे तुमचे होते ना? मग भाड्याचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात धरणार." घर काकूंचं, भाडं काकूंच्या खात्यात, कर काकांच्या पॅनवर. काकूंना आयकर कायद्यातली एवढी एक तरतूद पहिल्यांदाच पूर्णपणे न्याय्य वाटली.

मुद्रांक शुल्क साडेचार लाख, नोंदणी तीस हजार, दलाली, रंग, जाळ्या, पंखे. ब्याऐंशी लाख कधी झाले ते कळलं नाही. त्यातले पंचवीस लाख कर्ज काढावं असा विचार होता. बँकांना कर्ज साधारण सत्तरीच्या आत फिटलेलं हवं असतं. एकसष्टाव्या वर्षी हाती राहतात नऊ वर्षं, आणि साडेआठ टक्क्यांनी हप्ता बसतो तेहतीस हजारांच्या वर. भाडं येणार बावीस हजार. बँकेतल्या मुलीने विचारलं, "सर, मुलाला सहकर्जदार करायचं का?" मुलाने बंगळूरहून फोनवर एवढंच विचारलं, "बाबा, त्यापेक्षा तुम्हीच भाड्याने का राहत नाही?" कर्जाचा विषय तिथे संपला. काकांनी मुदत ठेवी मोडल्या.

बावीस हजार गुणिले बारा, दोन लाख चौसष्ट हजार. त्यातून सोसायटीचं मेंटेनन्स गेलं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीचं वेगळं शुल्क आलं. मेंटेनन्सच्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त ते घेता येत नाही, असा सरकारचा २००१चा आदेश आहे. पुणे महापालिका राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, ती भाड्याच्या घराला नाही. वर्षात एखादा महिना घर रिकामं, थोडी डागडुजी. हातात राहिले पावणेदोन लाखांच्या आत, म्हणजे ब्याऐंशी लाखांवर जेमतेम दोन टक्के. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना २०२३च्या एप्रिलमध्ये ८.२ टक्क्यांवर गेली आणि तिची मर्यादा तीस लाख झाली. त्या दराने तीस लाखांचे वर्षाला दोन लाख सेहेचाळीस हजार होतात. आणि पोस्टातल्या पैशाचा नळ गळत नाही.

कर भरताना मात्र सरकार अचानक उदार होतं. मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यातून सरसकट तीस टक्के सूट मिळते. तुम्ही दुरुस्तीला एक रुपया खर्च केला का, हे कोणी विचारत नाही. काकांनी मात्र चार आण्यांच्या वॉशरचीसुद्धा पावती जपून ठेवली होती.

यात किंमत वाढेल हा हिशोब नाही, असं काका म्हणाले. खरं आहे. पण वाढलेली किंमत खायला घर विकावं लागतं, आणि काका ते विकणार नाहीत हे काकूंना ठाऊक आहे.

भाडेकरू शोधताना काकांनी एजंटला अटी लिहून दिल्या. फॅमिलीच हवी. बॅचलर नकोत, कुत्रं-मांजर नको, भिंतीला खिळा नको. जे जोडपं आलं ते अकोल्याचं, दोघंही आयटीत. काकांनी गाव, पगार, आईवडील, सगळं विचारलं. मग त्यांनी काकांना विचारलं: पाण्याला प्रेशर कसं आहे, टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो, पार्किंग झाकलेलं आहे का, बाल्कनीत नेटवर्क येतं का. अर्ध्याहून अधिक उत्तरं काकांना येत नव्हती. मुलाखतीत कोण पास झालं हे स्पष्टच होतं.

करार घरी बसून झाला. एजंटाचा मुलगा अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. काकूंचा अंगठा काही केल्या उमटेना. चाळीस वर्षं भांडी घासल्यावर अंगठ्यावर रेषा तरी किती उरणार? एकेक करत सगळी बोटं झाली आणि डाव्या हाताच्या अनामिकेने काकूंना घरमालकीण केलं. मुद्रांक शुल्क पाव टक्का, त्यामुळे अकरा महिन्यांचं सहा-सातशे रुपयांत भागलं. नोंदणीचे हजार वेगळे. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे गेली.

मग गीझर बंद पडला. करारात होतं, 'किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी, मोठी मालकाने.' गीझर किरकोळ की मोठा? काकांच्या मते कॉइल गेली तर किरकोळ. भाडेकरूंच्या मते, अंकल, टाकीच फुटली आहे. रविवारी सकाळी आठ वाजता काका प्लंबरला स्कूटरवर मागे बसवून वारज्याला निघाले. नोकरीत असताना रविवारी ते कधी कोणासाठी उठले नव्हते.

आठव्या महिन्यात जोडपं पेढे घेऊन आलं. मोशीला त्यांनी घेतलेल्या फ्लॅटचं पझेशन मिळालं होतं. एक महिन्याची नोटीस द्यायला ते आले होते. घर खाली कसं करून घ्यायचं याची काकांनी दोन वकिलांकडून माहिती काढून ठेवली होती. ती कशाच्याच उपयोगाची नव्हती. "इतकी घाई काय आहे?" काका म्हणाले. "पावसाळ्यात कशाला सामान हलवता? नवीन रंगाचा वास असतो घरात. पुढच्या वर्षीही मी भाडं वाढवणार नाही, हवं तर लिहून देतो." जोडपं हसलं, नमस्कार करून गेलं.

संध्याकाळी एजंटाचा फोन आला. "काका, तीन मुलं आहेत, बॅचलर. आणि एक मांजर. तुमच्या अटीत बसत नाही म्हणून नाही सांगू का?"

काका गप्प बसलेले बघून काकूंनी फोन हातात घेतला. "घर माझ्या नावावर आहे," त्या म्हणाल्या. "भाडं पाच तारखेच्या आत देतील का, तेवढं विचारून सांगा."