दिव्याखालीच उजेड

बसा, चहा टाकलाय. मीच टाकलाय, का ते पुढे कळेल. तुमच्याकडे दुचाकी असेल तर तुम्ही या प्रकरणात आपोआप सहअर्जदार आहात. नसेल तर निदान साक्षीदार म्हणून तरी थांबा, कारण घरात माझी बाजू ऐकून घेणारं आता कोणी उरलेलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर मी लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली. मागे दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे वाऱ्याची काच, मोबाइल लावायला खोबण. विकणाऱ्याने सांगितलं, सर, ही डोळे झाकून लेहला जाते. त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझी हरकत एवढीच, की हिंजवडीलाही ती तशीच जाते.

गेल्या हिवाळ्यात माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याला परत येत होतो. अंधार पडला आणि लक्षात आलं, की आपला दिवा लागलेला आहे, पण पुढच्या चाकापुढे अंथरलेल्या चटईएवढ्याच जागेत. दिव्याखाली अंधार असतो असं आपण शाळेत शिकलो. माझ्या दिव्याखाली तेवढा उजेड होता, अंधार बाकी मुलुखात. शिवाय तिसऱ्या गियरला चाळीसच्या आसपास ती चटई थरथरायची. वळण आलं हे मला वळण गेल्यावर कळत होतं. शेवटी मागून एक एसटी आली, तिला पुढे जाऊ दिलं आणि तिच्या मागच्या लाल दिव्यांना धरून निघालो. ती वाटेत चहाला थांबली, मीही थांबलो. ड्रायव्हरने भजी मागवली, मीही मागवली. तो उठला, मीही उठलो. पौडपर्यंत तो माणूस आरशात माझ्याकडे बघत होता. तपासणी पथकाचा समजला असावा. गाडी फारच नियमाने चालवली त्याने.

आता एक अन्याय नोंदवून घ्या. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि तो बंद करायला बटणच नसतं. कायदा आहे, उत्तम आहे. पण भरदुपारी मी कर्वे रस्त्याने गेलो की समोरून येणारा प्रत्येक तिसरा माणूस हाताच्या बोटांची उघडझाप करून दाखवतो, काका, लाइट चालू आहे. रिक्षावाला दाखवतो. आईच्या मागे बसलेली चौथीतली मुलगी दाखवते. एकदा तर अंत्ययात्रेतल्या एका गृहस्थांनी मडक्याच्या मागून दाखवलं. दिवा चालू असल्याची खबर देणारी एवढी मोठी यंत्रणा या शहरात विनावेतन राबते आहे. पण तोच दिवा रात्री मान टाकून पडलेला असतो तेव्हा ही सगळी मंडळी कुठे असतात? बोटांनी तशी काही खूण करता येते का, याचा मी आरशासमोर उभा राहून विचार केला. करता येते, पण ती रस्त्यात केली तर मार पडेल.

असो. मी रीतसर चौकशी सुरू केली. पहिला संशय स्वतःवर, हा आमचा घरंदाज रिवाज. नेत्रतज्ज्ञाकडे गेलो. नंबर होता तोच निघाला, तरी ‘आलाच आहात तर’ म्हणून त्यांनी नवा चष्मा दिला. दुसरा संशय टायरमधल्या हवेवर. हवा ठीक होती. तिसरा संशय मागे बसणाऱ्या व्यक्तीच्या वजनावर. हा शुद्ध तांत्रिक मुद्दा मी घरात एकदाच मांडला. वास्तविक मागे वजन वाढलं की गाडीचं तोंड वर होतं आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. माझा तर खाली आला होता. म्हणजे आरोपी सकृद्दर्शनीच निर्दोष. पण हे माझ्या ध्यानात येईपर्यंत निकालाची अंमलबजावणी झाली होती. चहा तेव्हापासून मी करतो.

मग अधिकृत सेवा केंद्र. तिथे वातानुकूलित खोलीत बसवतात, कॉफी देतात आणि गाडी काचेपलीकडे नेतात, हुबेहूब शस्त्रक्रियेसारखी. पंचविशीतल्या एका तरुणाने माझं म्हणणं उभ्यानेच ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘सर, बाइकला व्हायब्रेशन येणारच. नॉर्मल आहे.’’ संध्याकाळी जो कागद हातात आला त्यावर लिहिलं होतं: तक्रार, लाइट खाली. कार्यवाही, वॉशिंग आणि चेन ल्यूब. शेरा, ओके. बिलात ‘कंझ्युमेबल्स’ म्हणून पंच्याऐंशी रुपये होते. म्हणजे काहीतरी खाल्लं गेलं होतं. मी तर फक्त कॉफी प्यायलो होतो. दिवा मात्र स्वच्छ धुतलेला होता. त्यामुळे चटई आता अधिक तेजस्वी दिसायची.

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या पोराने हँडल हलवलं, पुढचा ब्रेक दाबून गाडी दोनदा ढकलली आणि म्हणाला, ‘‘काका, कोनसेट गेलाय.’’ या पोराला मी तीन वर्षं ओळखतो. हॉर्न वाजत नव्हता तेव्हाही कोनसेटच गेला होता.

शेवटी एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीच उकिडवा बसलो. आता नीट ऐका, तुमच्याही उपयोगाचं आहे. हँडल सरळ धरायचं आणि दिव्याचा डूम दोन बोटांनी वरच्या कडेला धरून पुढेमागे करायचा. घट्ट असेल तर गाडी हलते, डूम हलत नाही. माझा हलला. पहिलीतल्या पोराचा दुधाचा दात हलावा, तसा हलला. खाली दोन बोल्टांवर तो टेकलेला असतो आणि वर मधोमध एक लांब स्क्रू त्याला मागे ओढून धरतो. स्क्रूवर स्प्रिंग आणि स्क्रूचं टोक डूमच्या कानात बसवलेल्या नायलॉनच्या नटात. हाच अ‍ॅडजस्टर. स्क्रू फिरवला की डूमची मान वर किंवा खाली. मी मीटरच्या मागून स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवला. छान फिरला. पुन्हा फिरवला, पुन्हा फिरला. डूम जागचा हलला नाही. असं आपण सरकारी कचेरीत पाहिलेलं असतं. साहेब जिल्हाभर फिरतात, फाइल हलत नाही.

आटे गेले होते. स्क्रूचे नव्हेत, स्क्रू लोखंडाचा. नटाचे. चिंचोक्याएवढा तो पांढरा नट, आतून गुळगुळीत झालेला, त्याच्या भोवती स्वतःचीच भुकटी साचलेली. स्प्रिंग थकली, स्क्रू खडखडायला लागला आणि प्रत्येक खड्ड्यागणिक नट झिजत गेला. पुण्यातले खड्डे या कामी किती तत्पर आहेत, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता फक्त नट मागायचा होता. सेवा केंद्रातल्या सुट्या भागांच्या खिडकीवर पडद्यावर डूमचा नकाशा उघडला. प्रत्येक भागाला बाण, प्रत्येक बाणाला क्रमांक. रबराच्या वॉशरलासुद्धा क्रमांक. नट चित्रात होता, पण त्याला बाण नव्हता. ‘‘क्रमांक नाही म्हणजे सुटा मिळत नाही,’’ खिडकी म्हणाली, ‘‘असेंब्लीबरोबर येतो.’’ असेंब्ली आठ हजार चारशे. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू मागायला जावं आणि ‘डोळ्यासकट येतो’ असं ऐकावं, त्यातला प्रकार. मी विचारलं, असे आटे इतरांचेही जात असतील ना? ‘‘जातात ना सर,’’ खिडकीतला माणूस समाधानाने म्हणाला, ‘‘नॉर्मल आहे.’’

नाना पेठेत मात्र क्रमांक विचारत नाहीत. दुकानदाराने माझी थकलेली स्प्रिंग बोटांनी दाबून पाहिली, बिस्किटांच्या जुन्या डब्यात हात घातला आणि तेवढ्याच घेराची, पण जाड तारेची स्प्रिंग काढून दिली. दहा रुपये. शेजारच्या नळसामानाच्या दुकानातून टेफ्लॉन टेपचं रीळ, पंधरा रुपये. गॅरेजवाल्या पोराचा आग्रह होता, की स्क्रूला लॉकटाइट लावा. ते लोखंडाला लोखंडाशी जखडायचं औषध, प्लास्टिकला त्याने तडे जाऊ शकतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी फेविक्विक सुचवलं. पण चिकटवून टाकलेला अ‍ॅडजस्टर अ‍ॅडजस्ट काय करणार? आणि मागे बसणारी व्यक्ती पुन्हा कधी बसलीच, तर तो फिरवावा लागेल, ही आशा मी सोडलेली नाही.

स्क्रूच्या आट्यांवर टेपचे चार वेढे घट्ट ओढून दिले, आटे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने, नाहीतर टेप सोलून बाहेर येते. नवी स्प्रिंग चढवली. स्क्रू आत घालताना मनगटाला विरोध जाणवला. गेल्या कित्येक महिन्यांत या प्रकरणात मला कोणीतरी पहिल्यांदाच दाद देत होतं.

मग मोजणी. काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, ते ओळंबा आणि पाण्याची नळी घेऊनच उतरले. त्यांनी आधी फरशीचा उतार काढला, तो चुकीच्या बाजूला निघाला, आणि बिल्डरच्या चारित्र्यावर पाऊण तास गेला. सपाट जागा मिळाल्यावर कुंपणाच्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावली. दिव्याचा मध्य जमिनीपासून ८५ सेंटीमीटर. भिंतीवर त्या उंचीला खडूची एक रेघ आणि तिच्याखाली पाच सेंटीमीटरवर दुसरी. म्हणजे शंभराला एक असा उतार, लो बीमच्या उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर हवी. दुरुस्तीआधी मी एकट्याने मोजली होती तेव्हा ती पहिल्या रेघेच्या १६ सेंटीमीटर खाली होती. हिशेब काढा. बरोबर लावलेला दिवा ८५ मीटरपर्यंत पोचतो, माझा साडेसव्वीस मीटरवर जमिनीत जात होता. ताशी साठच्या वेगाला सेकंदाला जवळपास पावणेसतरा मीटर जातात. म्हणजे मला भविष्यातलं जेमतेम दीड सेकंद दिसत होतं. रस्त्यावरच्या पोपटवाल्यालाही याहून जास्त दिसतं.

मोजताना चालवणारा गाडीवर बसलेला लागतो, त्यामुळे स्क्रू फिरवायला दुसरं माणूस लागलं. काका ओळंबा सोडायला तयार नव्हते. अखेर वरून बायको आली. एक फेरा म्हणजे अर्धा अंश, भिंतीवर सुमारे साडेचार सेंटीमीटर. ती अडीच फेऱ्यांत रेघेवर आली आणि थांबली. मला वाटलं आता काही बोलेल. बोलली. ‘‘अहो, यासाठी चष्मा बदललात?’’

तुम्हाला वाटेल प्रकरण मिटलं. चार दिवसांनी सोसायटीची नोटीस आली, ‘कुंपणभिंतीचे विद्रूपीकरण’. मी लेखी उत्तर दिलं, की सदर रेघा सार्वजनिक हिताच्या असून त्या कायम ठेवाव्यात. पुरावा म्हणून रोज रात्री खुर्ची टाकून बसलो आणि आत येणाऱ्या प्रत्येक दुचाकीचा उजेड रेघेशी ताडून पाहिला. आठवड्यात अकरा गाड्या. रेघेवर एक, ती माझी. सर्वांत वरचा उजेड सेक्रेटरींच्या नव्या स्कूटरचा. तो भिंत ओलांडून समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं तुळशीवृंदावन उजळून जातो. मी त्यांना थांबवून डूम दोन बोटांनी धरून दाखवला. दुधाचा दात. सेक्रेटरींनी हेल्मेट काढलं, माझ्याकडे कनवाळू नजरेने पाहिलं आणि म्हणाले, ‘‘नवीन गाडीला असं असतं हो. नॉर्मल आहे.’’

टेफ्लॉन टेपचं उरलेलं रीळ माझ्याकडे आहे. ते त्यांना देण्याबाबत अद्याप निर्णय झालेला नाही.