कीपर आणि सर्कल पारखण्याची शास्त्रोक्त पद्धत

बाजरीची रानं मोकळी झाली आणि दिवाळीचा फराळ संपला, की निमोण्यापासून पार दौंडपर्यंत टेनिस क्रिकेटचा हंगाम उभा राहतो. पूर्वी त्यासाठी एक चेंडू आणि बावीस रिकामी पोरं पुरत. आता लिलाव असतो, संघमालक असतो, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असतं. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूची आयएसपीएल भरली, तेव्हापासून तर पानटपरीवर उभा असलेला माणूसही निवड समितीच्या भाषेत बोलतो. ज्यांनी यंदा पहिल्यांदाच संघ घेतला आहे आणि घरी अजून सांगितलेलं नाही, अशा सद्गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन.

मूळ तत्त्व आधी पाठ करा. षटकार मारणारा पोरगा शोधावा लागत नाही, तो स्वतःच व्हिडिओ पाठवतो. शोधावा लागतो तो कीपर आणि सर्कलमध्ये उभे राहणारे चार-पाच जण. आठ षटकांच्या सामन्यात बाय आणि ओव्हरथ्रोच्या बारा धावा गेल्या, की तुमच्या महागड्या फलंदाजाचे दोन षटकार तिथेच वजा झाले. एवढी साधी वजाबाकी लिलावाच्या रात्री मात्र कुणाला सुचत नाही.

या बाबतीत अमेरिकेतले बेसबॉलवाले शहाणे. त्यांचे व्यावसायिक संघ हंगामाआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लोरिडा आणि ॲरिझोनात तळ ठोकतात आणि तिन्ही बेसवरची माणसं व शॉर्टस्टॉप (म्हणजे त्यांचं सर्कल) आणि कॅचर (म्हणजे त्यांचा कीपर) यांचे हात-पाय तपासून घेतात. चांगल्या क्षेत्ररक्षकाला १९५७ पासून ‘गोल्ड ग्लव्ह’ नावाचं बक्षीसही देतात. तिकडे मैदानात उतरलेल्या नऊच्या नऊ जणांच्या हातात मोजा असतो. आपल्याकडे गावात ग्लोव्हजची एकच जोडी असते आणि ती ज्याची, तोच कीपर. निवडीची ही पद्धत सोपी आहे, वाद होत नाहीत आणि सामना हरण्याची पूर्ण खात्री असते. म्हणून पुढील पायऱ्या.

पायरी पहिली : कीपर

कीपर मैदानावर शोधू नका, कलिंगडाच्या रानात शोधा. पिकअप भरताना माणसांची साखळी लागते आणि कलिंगड हातोहात गाडीपर्यंत जातं. साखळीतल्या शेवटच्या माणसाकडे नीट बघा. तो कलिंगडावर झडप घालत नाही. ते येईपर्यंत थांबतो, गुडघ्यात जरा वाकतो, दोन्ही हात पुढे नेतो आणि फळ हाताला लागताच हात पोटाकडे ओढून घेतो. दिवस मावळेपर्यंत ज्याच्या हातून एकही फुटलं नाही, त्याचं नाव वहीत लिहा. ज्याच्या हातून मुद्दाम तासाला एक फुटतं आणि मग सगळ्यांना खायला मिळतं, त्याला कर्णधार करा. त्याला माणसं सांभाळता येतात.

कीपर दिसला नाही तर तो चांगला, हे दुसरं लक्षण. नरेन ताम्हाणे यांनी २१ कसोटींत यष्टींमागे ५१ बळी टिपले, पण उगाच उड्या मारल्याची त्यांची ख्याती नव्हती. आपल्याकडचा कीपर साधा चेंडू आला तरी धुळीत लोळण घेतो, कारण कॅमेरा त्याच बाजूला लावलेला असतो. शर्ट किती मळला यावर गुण देऊ नका.

तिसरं लक्षण तोंड. कीपर मुका असेल तर गोलंदाज झोपतो, फार बोलका असेल तर पंच चिडतो. १९९२ च्या विश्वचषकात सिडनीत किरण मोरे यांच्या अपिलांनी जावेद मियाँदाद इतके वैतागले, की भर खेळपट्टीवर बेडूकउड्या मारू लागले. हा परिणाम उत्तमच, पण तिथले पंच तटस्थ होते. इथला पंच बहुधा समोरच्या कर्णधाराचा मावसभाऊ असतो. तेव्हा कीपरला अपिलाबरोबर पंचाचं नातंगोतंही ठाऊक हवं.

पायरी दुसरी : पॉइंट आणि कव्हर

इथे आधी जमीन पारखायची. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढची पंधराएक वर्षं माती थराथराने उकरून ताम्रपाषाण काळातली घरं शोधून काढली. आपल्या मैदानाकडेही त्याच नजरेनं बघा. वरच्या थरात मुरूम, खाली धसकटं, मधे ढेकळं आणि सर्वत्र बाभळीचे काटे. अशा जमिनीवर सरपटत येणारा चेंडू शेवटच्या क्षणी कुठे उडेल, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. म्हणून चाचणी घेताना चेंडू मुद्दाम ढेकळावर मारा. मान वळवणारा बाद. छातीवर घेणारा पास. छातीवर घेऊन वर ‘अजून एक टाक’ म्हणणारा मिळाला, तर उरलेला लिलाव रद्द केला तरी चालेल.

भरतीची तयारी करणारी पोरं कव्हरसाठी हमखास पुढे येतात. ती तुम्हाला १६०० मीटरचं टायमिंग सांगतील. ऐकून घ्या, कौतुक करा. पण सर्कलमध्ये लागतात ती पहिली तीन पावलं. उरलेले मीटर चौकारामागे धावायला उपयोगी पडतात. शिवाय त्यातला एखादा गोळाफेकीचाही सराव करत असतो आणि कीपरकडे चेंडू तसाच फेकतो. त्याला सीमारेषेवर पाठवा.

यानंतर दोघांच्या बरोबर मधे एक उंच झेल उडवा. ‘माझा!’ असं ओरडतो तो क्षेत्ररक्षक. ‘तुझा होता!’ असं चेंडू पडल्यावर म्हणतो तो पुढारी. दुसरा प्रकार कोणत्याही गावात मुबलक मिळतो, त्यासाठी बोली लावण्याचं कारण नाही.

पायरी तिसरी : जवळ उभा राहणारा

एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभे राहत. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. मैदान त्याच्या घरचंच होतं. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, साधा टेनिस चेंडू साठ ग्रॅमच्याही आत. त्यामुळे ‘टेनिसला काय भ्यायचं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना एवढंच सांगा, की हा चेंडू लागत नाही, पण हातात थांबतही नाही. ताठ तळव्यावर पडला की टुणकन बाहेर. इथे मऊ हात लागतात आणि ते बांधकामावर सापडतात. खालून फेकलेली वीट परातीत नव्हे, थेट हातात झेलणारा गवंड्याचा जोडीदार हात मागे घेत वीट उतरवतो. तसं केलं नाही तर संध्याकाळी त्याला भाकरी मोडता येणार नाही. असा माणूस दिसला की मुकादमाशी बोलून घ्या.

पायरी चौथी : हजेरी

इथपर्यंत पास झालेला खेळाडू रविवारी सकाळी नऊला मैदानावर असेल, असं समजू नका. खालील प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

१. रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट कोणती? तिसरी करून आलेल्या पॉइंटला दोन चेंडू दिसतात आणि तो चुकीचा अडवतो.

२. या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची की रात्रीची? रात्रभर पाणी धरलेला कव्हर उभ्या उभ्या डुलक्या घेतो.

३. कालव्याला घोडचं आवर्तन कधी सुटणार? पाणी आलं की अंतिम सामना सोडूनही माणूस बांधावर जातो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

४. धार कोण काढतं? ‘मीच’ असं उत्तर आलं, तर संध्याकाळचा सामना त्याच्याविना धरा.

५. ऊसतोड, कांद्याची काढणी आणि सख्ख्या मेव्हण्याचं लग्न, यांच्या तारखा.

६. आधार कार्डावर गाव कोणतं? ‘एक गाव एक संघ’ असेल तर झेल सुटलेला चालतो, पत्ता चुकलेला चालत नाही.

गुणदान

हातांना २०, फेकीला १५, पायांना १०, तोंडाला ५ आणि हजेरीला ५०. हे प्रमाण पाहून जाणकार हसतील. त्यांना गेल्या हंगामातला असा एखादा सामना आठवायला सांगा, जो आपण नऊ जणांत खेळलो आणि कीपर म्हणून स्कोअर लिहिणारा उभा केला.

शेवटचं सांगणं संघमालकाला. चौकातल्या फ्लेक्सवरचा आपला फोटो दोन फुटांनी कमी करा. वाचलेल्या पैशात ग्लोव्हजची एक चांगली जोडी घ्या आणि ती संघाच्या नावावर ठेवा. मग कीपर कोण, हे ज्याचे ग्लोव्हज तो ठरवणार नाही, ज्याचे हात ते ठरवतील.